बॉन्झोची दौत

पहिले महायुद्ध संपून चार वर्षे लोटली होती, तेव्हा लंडनच्या ‘द स्केच’ या साप्ताहिकात जॉर्ज स्टडी हा चित्रकार एका गुबगुबीत, मोठ्या निळ्या डोळ्यांच्या, काहीतरी आगळीक करून वर निरागस मुद्रा धारण करणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लाची चित्रे काढीत असे; आणि १९२२ साली त्या पिल्लाचे बॉन्झो असे बारसे झाल्यावर त्याची लोकप्रियता इतकी वाढली की, पोस्टकार्डे, खेळणी, चिनी मातीची भांडी, अत्तराच्या कुप्या असा सारा सरंजाम त्याच्या रूपाने बाजारात आला, १९२४-२५ मध्ये त्याच्यावर २६ लघुचित्रपट निघाले आणि पिकाडिली सर्कसच्या रोषणाईतही त्याची वर्णी लागली. याच सरंजामात काचेची दौतही होती. आपल्याकडील फडणिसी परंपरेत दौतीला जो अधिकाराचा मान होता त्याचा लवलेशही हिच्यात नाही; शाईतून जन्मलेला प्राणी शाईचेच भांडे झाला, एवढीच तिची गंमत.

दौत काचेचीच का, याचा खुलासा शाईत आहे. मायफळ आणि हिराकस यांच्या संयोगाने होणारी युरोपीय दफ्तरांतील शाई आम्लधर्मी असल्यामुळे धातूला खाते, परंतु काचेपुढे तिचे काही चालत नाही. म्हणूनच चांदीच्या उंची दौतींच्या पोटातही पुष्कळदा काचेचीच वाटी आढळते. प्राणिरूप स्वस्त दौती बहुधा साच्यात दाबून केल्या जात. वितळलेल्या काचेचा लोळा लोखंडी साच्यात सोडून वरून दट्ट्या दाबला, म्हणजे बाहेरून कान, पंजे, पोटाच्या वळ्या उमटत. मात्र तो दट्ट्या पुन्हा सुखरूप वर काढावा लागत असल्याने आतली पोकळी गुळगुळीत आणि खाली किंचित निमुळती राही. मुरब्बी संग्राहक दौत हाती येताच त्या लाघवी चेहऱ्याला न भुलता प्रथम आत बोट फिरवतो, ते यासाठीच. पंजाच्या उंचवट्यामागे आतून खळगा लागला, तर ती काच दाबलेली नसून साच्यात फुंकलेली आहे. मग तो तळाकडे वळतो. वर्षानुवर्षे मेजावर सरकलेल्या तळाचे ओरखडे आडवेतिडवे आणि कमीअधिक खोलीचे असतात. मुद्दाम घासून पाडलेले बहुधा एकाच दिशेने धावतात.

ज्या दौतीत प्राण्याचे डोके हेच झाकण असते, तिची परीक्षा आणखी अवघड, कारण डोके हरवलेल्या धडावर दुसऱ्याच दौतीचे डोके चढवून विकणारे व्यापारी सर्वत्र आहेत.

रंगाचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. अशा पुष्कळ वस्तूंवरील रंग भट्टीत न भाजता काचेवर नुसताच चढवलेला असे, त्यामुळे नाकाचा शेंडा आणि कानांच्या कडा हात लागून लागून प्रथम उघड्या पडत. तो झिजलेला रंग नव्याने भरून घेण्याची हौस पुष्कळांस असते. माझ्या मते ती जुन्या दस्तऐवजात मागाहून केलेली खाडाखोडच होय, आणि अशा दुरुस्त दौतीपेक्षा अर्धी बोडकी, पण अस्सल दौत शतपटीने बरी.

झरणीने या दौतींचा उपयोग कमी केला, आणि १९३८ साली लाझ्लो बिरो याने ज्याचे एकस्व घेतले त्या बॉलपेनने त्यांचा व्यवहारच पुढे संपविला. स्टडी १९४८ मध्ये वारला. एखादी अशी दौत कोणा वाचकाच्या हाती आली, तर तळाची वाळलेली शाई काढण्यासाठी तिच्यात कढत पाणी कदापि ओतू नये : काच तडकते, आणि तडकली नाही तरी रंग निघतो.