विश्लेषण : मॅटरहॉर्नची ओढ आजही का कमी होत नाही?

मॅटरहॉर्न हे आल्प्समधील सर्वांत उंच शिखर नाही. त्याची उंची ४,४७८ मीटर. मोंब्लाँ त्याहून ३०० मीटरपेक्षा अधिक उंच आहे. तरीही दर उन्हाळ्यात जगभरातील गिर्यारोहक स्वित्झर्लंड-इटली सीमेवरील या शिखरासाठी झरमॅट गाठतात.

आकर्षण कशाचे?

आकाराचे. हिमनद्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी डोंगर कोरत नेला आणि चार बाजूंचा, एकटा उभा असलेला सुळका उरला. आल्प्समधील बहुतेक मोठी शिखरे सर झाली, तरी मॅटरहॉर्न अजिंक्य होते. अखेर १४ जुलै १८६५ रोजी ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर यांच्यासह सात जण माथ्यावर पोहोचले. उतरताना सर्वांत नवख्या सदस्याचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघांचा मृत्यू झाला. सोबत मजबूत दोर असतानाही तिथे कमकुवत दोर बांधला गेला होता. तो तुटलेला दोर आज झरमॅटच्या संग्रहालयात आहे. या दुर्घटनेनंतरही ओघ थांबला नाही. १८७१ मध्ये ल्युसी वॉकर या माथा गाठणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

चढाई किती अवघड?

सर्वाधिक वापरली जाणारी वाट ईशान्येकडील हर्नली धारेवरून जाते. ३,२६० मीटरवरील निवाऱ्यातून गिर्यारोहक पहाटे अंधारातच निघतात. तिथून माथा सुमारे १,२०० मीटर वर आहे. वरच्या टप्प्यात कायमचे जाड दोर बांधलेले असल्याने वाट सोपी वाटते. प्रत्यक्षात खडक सुटा आहे, वाट सहज चुकते आणि उतरायला जवळपास चढाईइतकाच वेळ लागतो. म्हणूनच इथे एक मार्गदर्शक एकाच गिर्यारोहकाला नेतो. आतापर्यंत या डोंगरावर ५०० हून अधिक जणांनी जीव गमावला आहे.

धोका का वाढतो आहे?

भेगांमधला बारमाही गोठलेला बर्फ इथले खडक सिमेंटसारखा धरून ठेवतो. उष्णता वाढली की ही पकड सुटते. जुलै २००३ मध्ये हर्नली धारेवर दरड कोसळली आणि अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. २०२२ च्या उष्ण उन्हाळ्यात मार्गदर्शकांनी काही काळ चढाईच थांबवली.

बांधलेले दोर माणसाला आधार देतात. पण ते ज्या खडकात रोवले आहेत, तोच आता सैल होऊ लागला आहे. त्यामुळे दिवस योग्य नसेल तर झरमॅटहूनच परत फिरणे, हेही मॅटरहॉर्नवर जाणाऱ्याला यायला हवे.