चवीपुरते मीठ म्हणजे किती?
पाककृतीपासून पोषणपट्टिकेपर्यंत : आहार विभागाच्या कामाचा परिचय

रुग्णालयातून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांना आम्ही आहाराविषयी सूचना देतो, तेव्हा एक संवाद हमखास घडतो. ‘मीठ कमी ठेवा,’ असे आमच्या आहारतज्ज्ञ सांगतात. ‘आमच्याकडे मीठ कमीच असते, ताई,’ असे उत्तर येते. दोघेही खरे बोलत असतात. परंतु ‘कमी’ या शब्दाला वजन नसते. पाककृतीच्या पुस्तकांतही हीच पद्धत आहे. सर्व जिन्नसांची मापे दिल्यानंतर शेवटी ‘मीठ चवीपुरते’ असे लिहिलेले असते. निरोगी माणसाला तेवढ्याने भागते. ज्याचे मूत्रपिंड निकामी होत आले आहे किंवा ज्याचे हृदय दुर्बल झाले आहे, त्याच्यासाठी मात्र या एका शब्दात पुढचा आठवडा घरी जाणार की पुन्हा रुग्णालयात, हे ठरू शकते. मीठ अधिक गेले की तहान लागते, तहानेपोटी पाणी अधिक प्यायले जाते आणि ते पाणी बाहेर टाकण्याची शक्ती शरीरात नसल्याने पायांवर सूज व छातीत धाप येते.

या ‘चवीपुरते’ शब्दाचे आकड्यांत रूपांतर कसे करता येते, संगणक त्यासाठी कितपत उपयोगी पडतो आणि कोठे अपुरा पडतो, याची माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

पोषणपट्टिका म्हणजे काय?

बिस्किटाच्या वा फरसाणाच्या पुड्यामागे बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला असतो. तीच पोषणपट्टिका. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या लेबलविषयक २०२० च्या नियमांनुसार या तक्त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण शर्करा, वरून घातलेली शर्करा, एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स स्निग्धांश, कोलेस्टेरॉल व सोडियम यांची नोंद अपेक्षित असते. दिवसाच्या गरजेपैकी किती वाटा एका वेळच्या खाण्यात येतो, हेही टक्केवारीत सांगावे लागते. त्यासाठी २००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम एकूण स्निग्धांश, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश, ५० ग्रॅम वरून घातलेली शर्करा आणि २००० मिलिग्रॅम सोडियम ही प्रमाणे धरलेली आहेत. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, अर्थात एक सपाट लहान चमचा. दिवसभराच्या सर्व पदार्थांत मिळून एवढेच.

परंतु आपल्या रुग्णांचे जेवण पुड्यात येत नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, आमटी, पालेभाजी यांच्या पाठीवर कोणताही तक्ता छापलेला नसतो. तो आपणच तयार करावा लागतो.

आकडे येतात कोठून?

पदार्थातील पोषकद्रव्ये समजून घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग प्रयोगशाळेचा. नमुना पाठवावा, पृथक्करण करून घ्यावे. हा मार्ग अचूक असला तरी खर्चाचा व वेळखाऊ आहे. रोजच्या बदलत्या स्वयंपाकासाठी तो शक्य नाही. दुसरा मार्ग गणिताचा. प्रत्येक कच्च्या जिन्नसातील पोषकद्रव्ये आधीच मोजून कोष्टकांत नोंदवलेली असतात. पाककृतीतील वजनांनी त्यांना गुणावे आणि बेरीज करावी.

आपल्या देशात या कोष्टकांची परंपरा जुनी आहे. १९३७ साली कुन्नूर येथील प्रयोगशाळेतून डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांनी भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. ही संस्था पुढे हैदराबादला गेली व राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ कित्येक पिढ्यांच्या आहारतज्ज्ञांच्या टेबलावर राहिला. २०१७ साली याच संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली.

कोष्टक बदलले की आकडा बदलतो, हे येथे ध्यानात घ्यावे. जुन्या ग्रंथात १०० ग्रॅम शेंगदाण्यांची ऊर्जा ५६७ किलोकॅलरी आहे, तर २०१७ च्या कोष्टकांनुसार ती सुमारे ५२० भरते. शेंगदाणा बदललेला नाही. मोजण्याची रीत बदलली. पूर्वी कर्बोदकांचा हिशेब करताना तंतुमय भागाचा फारच थोडा अंश वगळला जाई. नव्या पद्धतीत एकूण आहारतंतू वेगळे मोजून वजा केले जातात. म्हणून शेंगदाण्यातील कर्बोदके २६ ग्रॅमवरून सुमारे १७ ग्रॅमवर आली आणि तंतू ३ वरून १० ग्रॅमवर गेले. कोणत्याही सॉफ्टवेअरविषयी पहिला प्रश्न ‘किती सुंदर छापते?’ हा नसून ‘कोणते कोष्टक वापरते?’ हा असावा, असे आम्हास वाटते.

शेंगाचटणीचा हिशेब

सोलापूरकरांना शेंगाचटणीची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. तिचेच उदाहरण घेऊ. समजा, ५०० ग्रॅम शेंगदाणे, ४० ग्रॅम सोललेला लसूण, ३५ ग्रॅम तिखट, १० ग्रॅम जिरे व २० ग्रॅम मीठ घेतले. दाणे भाजून, फोलपटे काढून, सर्व जिन्नस तेल सुटेपर्यंत कुटले आणि तयार चटणीचे वजन ५६० ग्रॅम भरले.

सॉफ्टवेअर प्रत्येक जिन्नस कोष्टकात शोधते, वजनाने गुणते, बेरीज करते आणि तयार वजनाने भागते. दाण्यांची ऊर्जा २६०० किलोकॅलरी व इतर जिन्नसांची सुमारे १७० मिळून २७७० होते. १५ ग्रॅमचा एक मोठा चमचा धरला तर त्यात सुमारे ७४ किलोकॅलरी ऊर्जा, साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि साडेपाच ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश येतो.

आता सोडियम पाहू. शेंगदाण्यात ते नगण्य आहे. जवळजवळ सर्व मिठातून येते. १ ग्रॅम मिठात सुमारे ३९३ मिलिग्रॅम सोडियम असते. २० ग्रॅम मिठातील ७८६० मिलिग्रॅम सोडियम ५६० ग्रॅम चटणीत विभागले गेले, म्हणजे एका चमच्यात सुमारे २१० मिलिग्रॅम. दिवसाच्या मर्यादेचा हा दहावा हिस्सा. चार चमचे चटणी भाकरीबरोबर सहज संपते आणि मर्यादेचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग एका जेवणात खर्ची पडतो. मीठ निम्मे केले, तर चमच्यामागे सोडियम सुमारे १०७ मिलिग्रॅमवर येते. ‘चटणी बंद’ असे सांगण्याऐवजी ‘मीठ १० ग्रॅम, चटणी एकच चमचा’ असे सांगता येते. रुग्णाच्या ताटातून त्याच्या गावची चव सर्वस्वी हिरावून न घेता पथ्य पाळता आले, तर ते अधिक दिवस पाळले जाते.

मूत्रपिंडाच्या रुग्णाचा प्रश्न मात्र येथे संपत नाही. त्याला पोटॅशियम व फॉस्फरस यांचेही बंधन असू शकते आणि वर सांगितलेल्या सक्तीच्या नोंदींत ही दोन्ही द्रव्ये नाहीत. आपल्या चटणीच्या एका चमच्यात पोटॅशियम साधारण १०० ते १२० मिलिग्रॅम असते व मीठ निम्मे केल्याने ते कमी होत नाही. कारण ते दाण्यांतून व तिखटातून येते. यासाठी रुग्णालयाच्या पट्टिकेत या दोन ओळी आम्ही मुद्दाम घालतो.

याच संदर्भात एक इशारा देणे कर्तव्य आहे. बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये सर्वसाधारण प्रौढांसाठी अशा मिठाची शिफारस केली. पण मूत्रपिंडाचे कार्य बिघडलेल्यांना तीतून वगळले आहे. अशा रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते. केवळ सोडियमची ओळ वाचणाऱ्याला हे मीठ उत्तमच वाटेल. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

संगणकाला न कळणाऱ्या गोष्टी

भाकरीचे उदाहरण बोलके आहे. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १६७ किलोकॅलरी ऊर्जा असते. त्या पिठाची ताजी मऊ भाकरी केली व तिचे वजन ७५ ग्रॅम भरले, तर १०० ग्रॅममागे ऊर्जा सुमारे २२३ येते. तीच भाकरी कडक करून ४८ ग्रॅमवर आणली, तर १०० ग्रॅममागे सुमारे ३४८. तक्ता वाचणाऱ्याला वाटेल, कडक भाकरीने वजन वाढते! वास्तविक एका भाकरीतील ऊर्जा तीच आहे. उडाले ते फक्त पाणी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट आहे. पण मानांकनाने भाकरीचे वजन ठरत नाही, ते काट्यावरच ठरते. शिजलेल्या पदार्थाचे वजन न करता केवळ कच्च्या जिन्नसांवरून काढलेली पट्टिका म्हणूनच फसवी ठरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर पोटॅशियमचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो. मूत्रपिंडाच्या रुग्णांना आम्ही हीच कृती शिकवतो. परंतु पाणी फेकले की आमटीत वापरले, हे सॉफ्टवेअरला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट तेलाची. कढईत ओतलेले सर्व तेल पोटात जात नाही. तळण्यापूर्वी व तळल्यानंतर उरलेल्या तेलाचे वजन करून फरक मांडावा लागतो.

चौथी गोष्ट मापांची. वाटी, चमचा, मूठ, ओंजळ ही मापे घरोघरी वेगळी. शीग लावलेला चमचा आणि सपाट चमचा यांत मिठाच्या बाबतीत मोठा फरक पडतो. आणि पाचवी गोष्ट नावांची. परदेशी कोष्टकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या डाळीच्या जागी भलतीच डाळ निवडली गेली, तर पुढचे सर्व गणित बिनचूक होऊनही उत्तर चुकते.

गुळाविषयीही एक गैरसमज या निमित्ताने दूर व्हावा. संक्रांतीला व गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शेंगापोळीचे डबे भेटीला येणाऱ्यांबरोबर वॉर्डात पोहोचतात. ‘साखर नाही, गूळच आहे,’ असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. एका पोळीत ३० ग्रॅम गूळ गेला, तर त्यातील शर्करा सुमारे २५ ग्रॅम होते. म्हणजे निरोगी माणसासाठी धरलेल्या ५० ग्रॅमच्या मर्यादेचा निम्मा भाग. मधुमेही रुग्णाच्या रक्ताला गूळ व साखर यांतील भेद फारसा जाणवत नाही.

आमची कार्यपद्धती आणि आपले साहाय्य

वरील अनुभवावरून आम्ही काही साधे नियम ठरविले आहेत. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मीठ व तेल अंदाजाने न घालता काट्यावर मोजून घातले जाते. कच्चे आणि शिजलेले अशी दोन्ही वजने नोंदवहीत लिहिली जातात. पट्टिकेवर कोष्टकाचे नाव व तारीख असते, आणि पाककृती बदलली की पट्टिका नव्याने काढली जाते. छापलेला प्रत्येक आकडा हा अंदाज आहे, हे आम्ही विसरत नाही. पिकाची जात, जमीन, हंगाम यांनुसार धान्यातही फरक पडतोच. गणित अचूक वाटावे म्हणून दशांशचिन्हापुढील आकडे छापण्याचा मोह आम्ही टाळतो.

संगणक बेरीज क्षणात करतो. परंतु मीठ मोजणारा हात स्वयंपाकघरातील मावशींचाच असतो. त्यांनी काट्याची सवय लावून घेतली नसती, तर सर्वांत महागडे सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरले असते. या कार्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारे काटे, प्रमाणित चमचे आणि मराठीत छापलेली पत्रके एवढ्यानेही पुष्कळ काम होते. देणगीदारांनी आपल्या साहाय्याचा काही भाग याकडे वळवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एकच सांगणे आहे. आहारतज्ज्ञांना भेटायला येताना घरी महिन्याला मिठाचे किती पुडे व तेलाच्या किती पिशव्या लागतात आणि जेवणारी माणसे किती, एवढे लिहून आणावे. चौघांच्या घरात महिन्याला एक किलो मीठ संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला आठ ग्रॅमहून अधिक मीठ येते, हे कोणत्याही सॉफ्टवेअरवाचून कागदावर काढता येते. त्यातील थोडे भांड्यात वा धुण्यात वाया जाते हे खरे. तरीही ‘आमच्याकडे मीठ कमीच असते’ या वाक्याची शहानिशा करण्यास तेवढा हिशेब पुरेसा आहे. पुढचे गणित आपण मिळून करू.