पट एक, अजिंक्यपदे दोन

जपानच्या ‘गो’ या बैठ्या खेळात राजा नाही, वजीर नाही, प्यादीही नाहीत. उभ्या-आडव्या एकोणीस रेषांनी आखलेल्या पटावर ३६१ छेदनबिंदू असतात. एकाने काळ्या, दुसऱ्याने पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने ठेवायच्या आणि अखेरीस ज्याने अधिक जागा वेढली, त्याचा विजय. येथे बाहुबलाचा प्रश्नच येत नाही. मग अशा खेळात स्त्रियांसाठी निराळे अजिंक्यपद कशासाठी?

जपानमध्ये व्यावसायिक स्त्री खेळाडूंची स्वतंत्र स्पर्धा १९५२ पासून होत आली. १९८२ मध्ये तिची जागा ‘महिला होनिंबो’ या किताबाने घेतली. या स्पर्धांतून जे साधले, ते दोन नावांवरून ध्यानात यावे. फुजिसावा रिना यांनी १६ व्या वर्षी महिला होनिंबो किताब मिळवला आणि २०२० मध्ये तरुण खेळाडूंची एक खुली स्पर्धा जिंकली. अधिकृत खुल्या स्पर्धेत स्त्री विजेती होण्याची जपानमधील ती पहिली वेळ. नाकामुरा सुमिरे ही २०१९ मध्ये अवघ्या दहाव्या वर्षी व्यावसायिक झाली. चौदा वर्षे पुरी होण्याआधीच तिने स्त्रियांचा एक मोठा किताब पटकावला आणि पुढे अधिक कठीण प्रतिस्पर्धी हवेत म्हणून कोरियाची वाट धरली. कोरियात त्याआधीच, २००० साली, चीनच्या रुई नाइवेई यांनी चो हुन-ह्यून या दिग्गजाला हरवून तेथला ‘कुक्सू’ हा खुला किताब घेतला होता. स्वतंत्र स्पर्धेने हात घडवला. तो हात किती कसलेला आहे, हे मात्र खुल्या पटावरच दिसले.

हाच प्रश्न महाराष्ट्रात बुद्धिबळाच्या निमित्ताने उभा राहिला, आणि तो थेट न्यायालयात गेला.

भारतातील स्त्रियांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये बंगळूर येथे झाली. ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. पुढच्या वर्षी त्यांच्या भगिनी जयश्री विजयी झाल्या, त्यानंतर धाकट्या रोहिणी. स्पर्धेच्या पहिल्या दशकात हे अजिंक्यपद ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या तीन कन्यांच्या हातून बाहेर गेलेच नाही. एका घराने एक राष्ट्रीय किताब असा जणू वंशपरंपरेने सांभाळावा, याला क्रीडाक्षेत्रात दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

पण घडलेली मोठी गोष्ट निराळीच. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. स्त्रियांना त्यांची स्पर्धा आहे ना, मग इकडे कशाला, असा सूर उमटला. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल रोहिणीच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही निर्णय दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. जी स्पर्धा स्त्रियांना पुढे आणण्यासाठी निर्माण झाली, तीच दोन वर्षांत त्यांना अडवण्याचे निमित्त ठरू पाहत होती. एका शाळकरी मुलीच्या आग्रहाने ते टळले. त्या स्पर्धेत तिने तीन राज्यविजेत्यांना हरवले, ही तर वरची कमाई. १९८१ मध्ये हैदराबाद येथे आणि १९८३ मध्ये क्वालालंपूर येथे रोहिणी खाडिलकर आशियाई विजेत्या झाल्या.

त्यानंतर भाग्यश्री ठिपसे यांनी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हम्पी यांना जलद डावांत हरवून स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. वय १९. त्या विजयाने ती ग्रँडमास्टर झाली; हा किताब मिळवणारी ती चौथी भारतीय स्त्री. या विजयाचे पारितोषिक ५० हजार डॉलर होते, तर त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाचे १ लाख २० हजार. गोव्याच्या स्पर्धेतही दिव्या उतरली आणि पहिल्याच फेरीत पराभूत झाली. या पराभवाला कुणी ‘मर्यादा’ म्हणेल, तर तसे म्हणण्याची घाई नको; त्या फेरीत कितीतरी ग्रँडमास्टर पुरुषही बाद होतात.

धाराशिव जिल्ह्याला मुलींचे खेळ नवे नाहीत. खो-खोत भारतीय संघाचे नेतृत्व करणाऱ्या सारिका काळे याच जिल्ह्यातल्या. त्यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला मैदान आणि नऊ जणींचा संघ लागतो. बुद्धिबळाला एक पट आणि समोर बसणारे कुणीतरी पुरते, आणि येडशीसारख्या गावात खरी अडचण या ‘कुणीतरी’चीच असते. घरच्यांना हरवून झाले, की मुलीला पुढे नेणारा प्रतिस्पर्धी उरत नाही. मोठ्या स्पर्धा बहुधा शहरांत. तेथे प्रवेशशुल्क, मुक्काम आणि सोबतीला पालकांची चार-पाच दिवसांची रजा, एवढे सगळे आले. त्यामुळे पुष्कळ घरांत मुलीसाठी फक्त मुलींच्या गटाचा अर्ज भरला जातो. तो जरूर भरावा. सोबत खुल्या गटाचीही चौकशी करावी. मानांकनाच्या खुल्या स्पर्धेत जोड्या गुणांवरून लागतात. समोर मुलगा येणार की मुलगी, प्रौढ की बालक, हे फेरीची यादी भिंतीवर लागेपर्यंत कुणालाच ठाऊक नसते.