भूल द्यायला शिकवणारे (लेखांक ५)

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरची एखादी बाई बाळंतपणात अडली आणि सीझर करायची वेळ आली, तर सर्जन आणि थिएटर असूनही भागत नाही. भूलतज्ज्ञ नसेल तर ‘पुढे न्या’ हेच उत्तर मिळतं. मागच्या भागात आपण त्या पुढच्या रस्त्याविषयी बोललो; आज हा भूलतज्ज्ञ घडतो कुठे ते पाहू. साडेचार वर्षांचं एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप, नीट-पीजी आणि तीन वर्षांची एमडी, इथवर सगळ्यांची वाट एकच. पुढे फाटा फुटतो. ज्याला शिकवायचं आहे त्याने एक वर्ष वरिष्ठ निवासी राहायचं, मग सहायक प्राध्यापक व्हायचं. चार वर्षं आणि दोन शोधनिबंधांनंतर सहयोगी, आणखी तीन वर्षं व दोन निबंधांनंतर प्राध्यापक. बारावीपासून मोजली तर किमान साडेसोळा वर्षं. तेवढ्या काळात खासगीत गेलेल्या सोबत्याचं बस्तान कधीच बसलेलं असतं. तरीही माझं म्हणणं असं, की अमडापूरच्या बाळंतिणीचं भवितव्य शिकवण्याच्या वाटेने जाणाऱ्यांवर जास्त अवलंबून आहे.

कारण साधं आहे. २०२४ साली बुलडाण्यात १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पण एमबीबीएसच्या जागांतून थेट भूलतज्ज्ञ निघत नाहीत. बधिरीकरणशास्त्राच्या एमडीला किती विद्यार्थी घेता येतील, हे विभागात मार्गदर्शक किती यावर ठरतं. यावर कुणी म्हणेल, गावाला प्राध्यापक नको, भूल देणारा हवा. त्यासाठी तर एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना आहेच. योजना चांगली आहे. पण त्या १८ आठवड्यांत कण्यात इंजेक्शन दिल्यावर रक्तदाब कोसळला तर काय करायचं, श्वासनलिकेत नळी जाईना तर काय करायचं, हे शेजारी उभं राहून शिकवणारा अनुभवी माणूस लागतोच. शिवाय एमडीचा विद्यार्थी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करतो, म्हणजे शिकवणाऱ्या विभागाचे हात जिल्ह्यापर्यंत पोचतात.

शोधनिबंध मात्र केवळ बढतीसाठी लिहिले जातात, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं त्या काळात, १८८८ आणि १८८९ साली, हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, भुलीसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोरोफॉर्मचा धोका तपासणारे क्लोरोफॉर्म आयोग बसले. धोका श्वासाला आहे, हृदयाला नाही, अशी लॉरींची अनुभवातून आलेली ठाम समजूत होती आणि आयोगांनीही तिला दुजोरा दिला. १९११ साली लेव्ही या संशोधकाने प्रयोगांनी दाखवलं, की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीतही हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. अनुभव कितीही दांडगा असो, तो तपासणारं कुणी नसेल तर चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

शिकवणारे बुलडाण्याला येतील का, ही शंका खरी आहे. वैद्यकीय अध्यापकांच्या पात्रतेच्या २०२५च्या नियमांनी एक दार उघडलं आहे: २२० वा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काढलेला तज्ज्ञ आता थेट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. जिल्ह्यातच वर्षानुवर्षं भूल देणाऱ्यांना या दारातून आत आणणं, हे नव्या महाविद्यालयाचं पहिलं काम असायला हवं.