जुनं मोटारहोम घेताना आधी छपरावर चढा

आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबॅगोने १९६६ साली मोटारहोम बांधायला घेतली आणि चाकांवरचं घर अमेरिकी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. तेव्हापासून साठेक वर्षांत गाड्या अमाप झाल्या. टिकणाऱ्या मात्र थोड्याच.

त्यांत माझ्या मते पहिला मान जीएमसीचा. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात जेमतेम तेरा हजार मोटारहोम काढली. इंजिन ओल्ड्समोबिल टोरोनॅडोचं, ताकद पुढच्या चाकांना. त्यामुळे खालून मागे जाणारा शाफ्ट नाही आणि गाडीचा तळ रस्त्याच्या जवळ. सांगाडा ॲल्युमिनियमचा, वरून ॲल्युमिनियम आणि फायबरग्लास. भिंतींच्या सांगाड्यात कुजायला लाकूडच नाही! म्हणून पन्नाशीला टेकलेल्या या गाड्या आजही प्रवासाला निघतात. जॉर्जियातल्या ब्लू बर्डने तर वाँडरलॉज आपल्या शाळेच्या बसच्या पोलादी बांधणीवरच उभी केली.

बाकीच्या बऱ्याच कारखान्यांनी स्वस्त वाट धरली. लाकडी पट्ट्या, पातळ प्लायवुड, स्टेपलच्या पिना, छपरावर रबरी आवरण. नवी असताना अशी गाडीही देखणीच दिसते. पण सांध्यांवरचं सीलंट वेळच्या वेळी तपासलं नाही की पाणी आत उतरतं, प्लाय फुगतो, बाहेरच्या भिंतीला फुगे येतात. कोकणात कौलारू घरात वाढलेल्यांना गळक्या छपराचं वेगळं सांगायला नको. भिंत फुगलेली गाडी मी फुकटातही घेणार नाही.

मंदीत, २००९ साली, फ्लीटवुड आणि मोनॅको कोच या बड्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. करोनाने उलटा फेरा आणला. २०२१मध्ये ट्रेलर आणि मोटारहोम मिळून सहा लाख गाड्या कारखान्यांबाहेर पडल्या, तो विक्रमच. त्या गर्दीतल्या गाड्या आता जुन्या बाजारात येताहेत. त्या कमी वयाच्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

किलोमीटर कमी आहेत, यालाही भुलू नका. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. कपाटं उघडून आत कुबट वास येतो का बघा, कोपरे अंगठ्याने दाबा, आणि मग शिडी मागा. विकणारा छपरावर चढू देत नसेल, तर सौदा तिथेच सोडा.