सुलेमानियेसमोरचा घेवडा

साडेबारा वाजत आलेत. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीसमोर जुन्या मदरशाच्या भिंतीला लागून ओळीनं गाळे आहेत, आणि पाटीपाटीवर तेच दोन शब्द दिसतात: कुरू फासुल्ये. सुका घेवडा. आपल्याकडे तुर्की जेवण म्हटलं की कबाब आणि बकलावा डोळ्यांपुढे येतो. कामाधंद्याचं इस्तंबूल मात्र दुपारी पातेल्यातलं जेवतं, आणि मला तेच बघायचंय, तेच खायचंय.

दारातच तांब्याचं मोठं पातेलं वाफाळतंय. त्यामागे पांढऱ्या मिशांचे उस्ता डाव घेऊन उभे आहेत. उस्ता म्हणजे आपला उस्ताद. इथे स्वयंपाक्यापासून सुतारापर्यंत हाताच्या कारागिराला याच नावानं हाक मारतात. "बुयुरुन आब्ला," ते म्हणतात. या ताई. माझ्या पुढचा माणूस मेनूकार्डाकडे बघतही नाही. "पिलाव उस्तू आझ कुरू," एवढंच म्हणतो. भातावर थोडा घेवडा. मीही तेच म्हणते.

ताटली येते. आखूड, टपोऱ्या दाण्याचा भात, लोण्यानं चकाकणारा, त्यात परतलेल्या शेवयांचे तपकिरी तुकडे. वरून लालसर रश्श्यात पांढरा घेवडा. अशा पातेल्यातल्या जेवणाला तुर्कीत सुलू येमेक म्हणतात. सू म्हणजे पाणी. पाणी असलेलं जेवण, म्हणजे रस्साच की. घेवडा रात्रभर भिजवायचा, कांदा लोण्यात परतायचा, उन्हात आटवलेला टोमॅटोचा गर घालायचा, आणि मग मंद आच. माझ्या ताटलीत मांसाचे दोन-तीन तुकडेही आहेत. शाकाहारी माणसानं "एतसिझ?" असं आधी विचारावं, बिनमांसाचं आहे का म्हणून.

पहिल्या घासाला माझी जीभ फोडणी शोधते. मोहरी नाही, हळद नाही, गरम मसाला तर नाहीच. तिसऱ्या घासाला कळतं, इथे घेवड्यावर दुसऱ्या कशाची सत्ता नाही. दाणा अख्खा आहे, साल कुठे फाटलेली नाही, आणि जिभेवर दाबला की लोण्यासारखा विरघळतो. टेबलावर मिरचीच्या भरडीची वाटी आहे. मी चिमूटभर घेते आणि पुन्हा हात लावत नाही. सोबत मिठाच्या पाण्यात मुरलेली कोबी-काकडी आणि फेसाळलेलं खारं आयरान, म्हणजे तिथलं ताक. पावाची टोपली रिकामी झाली की पोऱ्या न सांगता भरतो, आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

काचेतून मशिदीचे घुमट दिसतात. ऑटोमन वास्तुविशारद मिमार सिनाननं ही मशीद 1557 मध्ये पुरी केली. तिच्याच आवारात इमारेत होतं, म्हणजे विद्यार्थी, वाटसरू, गोरगरीब यांना रोज जेवू घालणारं अन्नछत्र. त्या काळच्या पातेल्यात टोमॅटो नव्हता. टोमॅटो, मिरची, हा घेवडा, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. आपली मिरचीही तिथलीच, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. आणि साताऱ्याजवळच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा याच घेवड्याचा भाऊबंद. ताटलीकडे बघताना मला परक्या घरी आल्यासारखं वाटत नाही, ते उगाच नाही.

माझ्या टेबलावर विद्यापीठातली दोन मुलं, एक हमाल आणि टाय लावलेला एक कारकून बसलेत. जागा मिळेल तिथे बसायचं, बसताना "आफियेत ओल्सुन" म्हणायचं: अन्न अंगी लागो. एका मुलाच्या हातून पावाचा तुकडा जमिनीवर पडतो. तो वाकतो, तुकडा उचलतो, ओठांना लावतो, मग कपाळाला लावतो आणि खिडकीच्या कठड्यावर पाखरांसाठी ठेवून देतो. बोलणं न थांबवता. पान ओलांडू नये, अन्नाला पाय लागला तर नमस्कार करावा, हे मला शिकवणारी माझी आजी या मुलाला लगेच आपला म्हणाली असती.

उठताना मी उस्तांना "एलिनिझे सालिक" म्हणते, तुमच्या हातांना आरोग्य लाभो. ते डाव खाली ठेवतात, उजवा हात छातीवर टेकवतात. 'अन्नदाता सुखी भव' म्हणताना आपण यजमानाला आशीर्वाद देतो. इथे तो थेट राबणाऱ्या हातांना मिळतो. मला हे फार आवडतं. गल्ल्यावरचा माणूस पैसे घेऊन म्हणतो, "बेरेकेत वेर्सिन." बरकत देवो. हा शब्द मला कुणी समजावून सांगावा लागत नाही. मग तो माझ्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन्या, म्हणजे कोलन वॉटर, ओततो, आणि पोऱ्या कंबर बारीक असलेल्या पेल्यात बिनदुधाचा लालभडक चहा पुढे ठेवतो.

चहा संपेतो पातेल्याचा तळ दिसायला लागलाय. दारात आलेल्या दोघांना उस्ता मान हलवून सांगतात, "बित्ती." संपलं. दुसरं पातेलं आज चढणार नाही. उद्याचा घेवडा आज रात्री भिजेल. तुम्ही सुलेमानियेला गेलात, तर आधी जेवा आणि मशीद नंतर बघा.