नॅशव्हिलने दाराबाहेर ठेवलेली गाणी

सेंट लुईसहून मिसिसिपी ओलांडली की पलीकडे इलिनॉय राज्यात बेलव्हिल हे कामगारांचं गाव लागतं. तिथल्या जे फरार आणि जेफ ट्वीडी या शाळासोबत्यांनी ड्रमर माइक हाइडॉर्नला घेऊन 'अंकल ट्युपेलो' हा बँड काढला आणि १९९० साली 'नो डिप्रेशन' हा पहिला अल्बम केला. पंकवर पोसलेली तिरसट गिटार, गावातली बेकारी, दारू आणि मधेच कार्टर फॅमिलीने १९३६ साली मुद्रित केलेलं मंदीच्या काळातलं एक धार्मिक गाणं, फारसं न बदलता गायलेलं. अल्बम काही तुफान खपला नाही. पण १९९५ साली सिएटलमध्ये ग्रँट ऑल्डन आणि पीटर ब्लॅकस्टॉक यांनी याच नावाचं मासिक काढलं, आणि 'आल्टर्नेटिव्ह कंट्री' या प्रकाराला घर मिळालं. मुखपृष्ठावर ते या प्रकाराचं नाव छापत आणि पुढे 'म्हणजे जे काय असेल ते' अशा अर्थाची पुस्तीही जोडत. इतकी प्रामाणिक व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही.

तेव्हा कंट्री म्हणजे टेनेसीतलं नॅशव्हिल. गीतकार ठरलेले, स्टुडिओतले वादक ठरलेले, रेडिओवर काय वाजणार तेही जवळपास ठरलेलं. कंट्री गायक गार्थ ब्रुक्स स्टेडियम भरवत होता. या गुळगुळीत कंट्रीला कंटाळलेल्यांचा जमाव म्हणजे ऑल्ट-कंट्री, असं साधारण सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण मला जास्त गंमत वाटते ती अशी, की जुनं कंट्री जिवापाड सांभाळलं ते बऱ्याचदा ज्यांचं त्या घरात काहीच नव्हतं अशा लोकांनी.

ग्रॅम पार्सन्सच घ्या. वाढला जॉर्जियातल्या वेक्रॉसमध्ये, पण आजोळच्या फ्लोरिडात संत्र्यांच्या अफाट बागा. हार्वर्डमध्ये एक सत्र काढून तो बाहेर पडला. १९६८ साली 'द बर्ड्स' या रॉक बँडला त्याने 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' करायला लावलं. त्याच वर्षी ही मंडळी 'ग्रँड ओल ऑप्री' या नॅशव्हिलच्या कंट्री रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभी राहिली, तेव्हा हे लांब केसवाले प्रेक्षकांना रुचले नाहीत, आणि जाहीर केलेलं गाणं सोडून पार्सन्सने आजीला वाहून स्वतःचंच गाणं म्हटल्यावर यजमानही चिडले. पुढच्या वर्षी 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स'चा 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' आला. त्यातली पेडल स्टील गिटार जरूर ऐका. जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार आपल्या कानात असतेच. त्याच कुळातलं, पण पायाखाली पेडल असलेलं हे वाद्य. 'स्नीकी' पीट क्लाइनोने त्यातून फझची खरखर काढली. हा गृहस्थ धंद्याने चित्रपटांसाठी बाहुल्यांचं अॅनिमेशन करणारा, हे कळल्यावर त्या वादनातला खट्याळपणा जास्तच पटतो. पार्सन्स १९७३ साली, २६व्या वर्षी गेला. एमिलू हॅरिससोबतचा 'ग्रिव्हस एंजल' त्याच्या मागे आला.

पुढचे वारस तर आणखी लांबचे. इंग्लंडमधल्या लीड्सचे 'द मेकॉन्स' हे कलाशाळेतले पंक. खाणकामगारांचा संप चालू असताना त्यांच्यासाठी मदतनिधीचे कार्यक्रम करणाऱ्या या मंडळींना जुना कंट्री गायक हँक विल्यम्स याच्यात आपली हार सापडली, आणि १९८५ साली 'फिअर अँड व्हिस्की' आला. टोरोंटोच्या 'काउबॉय जंकीज'नी २७ नोव्हेंबर १९८७ला एका चर्चमध्ये एकाच मायक्रोफोनभोवती बसून 'द ट्रिनिटी सेशन' मुद्रित केलं. चर्चला सांगितलं होतं, आम्ही 'टिमिन्स फॅमिली सिंगर्स', नाताळचा कार्यक्रम करतोय!

अंकल ट्युपेलो १९९४ साली फुटले. फरारने 'सन व्होल्ट' काढला, ट्वीडीने 'विल्को'. १९९५ साली दोघांचे अल्बम आले, तेव्हा 'ट्रेस' घेऊन आलेला फरार सरळ पुढे होता. पण तो त्याच शेतात नांगरत राहिला, ट्वीडी कुंपण ओलांडून गेला. विल्कोचं 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' रिप्रीझ या लेबलने नाकारलं, बँडने ते २००१ साली इंटरनेटवर फुकट ऐकवलं, आणि २००२ साली ते काढलं नोनसचने. दोन्ही लेबलं एकाच मालकाची. म्हणजे कंपनीने एका अल्बमचे पैसे दोनदा मोजले. त्यात कंट्री शोधायला भिंग लागतं, हा भाग वेगळा.

या साऱ्या गर्दीतला एकच अल्बम ठेवायचा म्हटलं, तर मी लुसिंडा विल्यम्सचा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' ठेवेन. लुसिंडा लुइझियानातल्या लेक चार्ल्सची, म्हणजे अस्सल दक्षिणेची. पण लॉस एंजेलिसचे लोक म्हणत ही फार कंट्री आहे, नॅशव्हिलचे म्हणत फार रॉक. शेवटी १९८८ साली तिला उभं केलं 'रफ ट्रेड' या ब्रिटिश पंक लेबलने. 'कार व्हील्स' पुरं व्हायला वर्षानुवर्षं लागली. ऑस्टिनमध्ये मुद्रित झालेलं तिला आवडेना, मग नॅशव्हिलमध्ये स्टीव्ह अर्लबरोबर पुन्हा, मग लॉस एंजेलिसमध्ये रॉय बिटनबरोबर डागडुजी. जुना सहकारी गर्फ मॉर्लिक्स या भानगडीत दुरावला. १९९८ साली अल्बम आला, तेव्हा त्यात या ओढाताणीची खूण नव्हती. जॅक्सन, ग्रीनव्हिल, लेक चार्ल्स ही गावांची नावं ती पत्ता सांगितल्यासारखी उच्चारते, आणि प्रत्येक पत्त्यावरचं माणूस निघून गेलेलं असतं. शीर्षकगीतात मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेलं एक मूल आहे. वडील, कवी मिलर विल्यम्स, यांनी ते ऐकून लेकीची माफी मागितली, असं तिनेच सांगितलंय. मुलीने तोवर ते मूल म्हणजे आपण, हे स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

रायन अॅडम्सच्या 'व्हिस्कीटाउन'चा 'स्ट्रेंजर्स अल्मनॅक' आणि 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स'चा 'सदर्न रॉक ऑपेरा' यांची नुसती नोंद करतो. दुसरा थोडा लांबतो, पण त्यातला अलाबामा खरा आहे.

जिलियन वेल्चवर तर १९९६च्या 'रिव्हायव्हल'नंतर थेट आरोपच झाला : लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली, टीव्हीसाठी संगीत लिहिणाऱ्या आईबापांची मुलगी डोंगराळ भागातल्या गरिबीची गाणी कशी गाते? उत्तर आलं २००१ साली, 'टाइम (द रेव्हलेटर)'मधून. ती आणि डेव्हिड रॉलिंग्ज, दोन आवाज आणि हातातली वाद्यं, बास. शेवटचं गाणं चौदा मिनिटांहून लांब आहे आणि त्यात घाई कुठेच नाही. जन्मदाखला मागणारे नंतर गप्प बसले.

पण परके कोण, याचा हिशेब उलटाही मांडायला हवा. बँजो हे मूळचं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं वाद्य. १९२०च्या दशकात कंपन्यांनी दक्षिणेचं संगीत काळ्यांसाठी 'रेस' आणि गोऱ्यांसाठी 'हिलबिली' अशा दोन खात्यांत विकलं, आणि त्यातल्या दुसऱ्या खात्याचं पुढे कंट्री झालं. ऑप्रीचा सुरुवातीचा लाडका कलाकार, माउथऑर्गन वाजवणारा डिफोर्ड बेली, कृष्णवर्णीय होता. १९४१ साली त्याला काढून टाकलं. ऑपेरा शिकलेली रियानन गिडन्स आणि तिचे साथीदार नॉर्थ कॅरोलिनात जो थॉम्पसन या वयोवृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी जाऊन बसू लागले, ते हे तुटलेलं टोक शोधायला. त्यांच्या 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स'च्या 'जेन्युइन नीग्रो जिग'ला २०११ साली ग्रॅमी मिळालं; पारंपरिक लोकसंगीताचं, कंट्रीचं नव्हे.

२०२४ साली बियॉन्सेच्या 'टेक्सास होल्ड 'एम'मध्ये बँजो वाजवला तो गिडन्सनेच. गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं आलं. 'काउबॉय कार्टर' या अल्बमला पुढच्या फेब्रुवारीत कंट्रीचं ग्रॅमीही मिळालं. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने मात्र २०२४ साली त्याला एकही नामांकन दिलं नव्हतं.